भट्टी मैदानाचा लाल

पेंटरबाईच्या नादी लागायचं नाही, हे अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त गादीवाल्या कंपनीच्या साहेबाला. नवा होता बिचारा.

मैदानाचं नाव भट्टी मैदान. वीटभट्टीच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी राबून ते सपाट केलेलं. दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीची लाल अक्षरं काढली ती पेंटरबाईच्या वडिलांनी, रंगही स्वतः घोटून. वडील गेले, ब्रश तिच्याकडे आला. खुर्च्यांचे आकडे, दारांवरचे बाण, धावफलक, वीस वर्षं सगळं तिनंच रंगवलं. घर त्यावरच चालायचं.

आता कंपनीनं मैदानाचं नावच विकत घेतलं. नाव म्हणजे काय भाजी आहे? साहेबानं फर्मावलं, भिंत पांढरी करा आणि वर आमच्या गादीचं नाव काढा. पेंटरबाईनं ब्रश पिशवीत टाकला आणि तोंडावर नाही म्हणून सांगितलं. मग वर्षाचं कामही विसरा, साहेब म्हणाला. विसरले, ती म्हणाली.

घरी नवऱ्यानं डोक्याला हात लावला. हातचं काम घालवून काय मिळवलंस, हे त्यानं दोन दिवस ऐकवलं. त्याचं चुकत नव्हतं. पण वडिलांच्या अक्षरांवर आपल्याच हातानं पांढरं फासायचं? छट्! त्या दिवसापासून ती मैदानाच्या रस्त्यानंही गेली नाही.

साहेबानं बाहेरचे रंगारी आणले. त्यांनी घाईघाईत लालावर थेट पांढरं मारलं. ऊन तापलं आणि पंधरा दिवसांत लाल वर यायला लागला. आधी गुलाबी डाग, मग चक्क अक्षरं. दुसरा हात मारला, तिसरा मारला, तरी गादीच्या नावामागून भट्टी डोकावतेच. प्रेक्षक हसून हसून बेजार झाले.

शेवटी साहेब स्वतः तिच्या दारात आला. वर्षाचं काम परत देतो म्हणाला, लेखी देतो म्हणाला, फक्त हा लाल थांबवा. नवरा आतून डोळ्यांनीच विनवत होता.

"काही उपाय आहे का?" साहेबानं विचारलं.

"आहे. वडिलांनी शिकवलाय."

"मग?"

"मग काही नाही. मला येतो, पण मी करणार नाही आणि सांगणारही नाही."

साहेब गेला. नवऱ्यानं चपला घातल्या, तिच्याही दारात आणून ठेवल्या.

"चल," तो म्हणाला, "भिंत बघून येऊ."