शेप्याचा वास

माझं पोट माझ्या नाकावर चालतं. पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत नव्या बिअरचा वास घ्यायचा, ती चाखायची आणि विकायला काढायची की नाही ते सांगायचं, हे माझं काम. बाबा गावात सांगायचे, पोरगी सरबताच्या कंपनीत आहे. ते एसटीत कंडक्टर होते, गळ्यात माळ होती, आणि दारूचा वास आलेल्या माणसाला त्यांनी कित्येकदा गाडीत चढू दिलं नव्हतं. मीही त्यांचं सरबत कधी खोडून काढलं नाही.

सध्या सगळ्यांना गढूळ बिअर हवी असते. गहू आणि ओट घालून केलेली, गाळून स्वच्छ न केलेली, ताज्या हॉप्सच्या वासाची. त्या फुलांची गंमत अशी की बिअरमध्ये फळाचा थेंब नसताना ग्लासातून संत्रं येतं, अननस येतो, कधी पिकलेला आंबा येतो. ग्लास आधी उजेडाकडे धरायचा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर बिअर हवी तेवढी गढूळ नाही. तळाशी गाळ बसला असेल तरी नापास. मग हलकेच ढवळून हुंगायचं, मग घोट. चार ग्लासांनंतर नाक थकतं आणि थापा मारायला लागतं. तेव्हा आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावायचं आणि श्वास घ्यायचा. आपल्या कातडीच्या वासाची इतकी सवय असते की तो वास म्हणून जाणवतच नाही, आणि नाक पुन्हा कोरं होतं. ही युक्ती मला कधी दगा देईल असं वाटलं नव्हतं.

बाबा गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची पहिली घागर भरायची होती. आमच्याकडे जळगाव जामोदच्या बाजूला घरातलं माणूस गेलं की पुढच्या अखजीला त्याच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे ठेवतात. त्या दिवशी मेलेला माणूस पितरांत जाऊन बसतो. तोपर्यंत घरात कुणी आंबा खायचा नाही. खाणं सोडाच, हुंगायचाही नाही. पहिला वास त्याचा.

त्याच्या आठवडाभर आधी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, शेती तोच बघतो.

"माय बिघडली व," तो म्हणाला. "होळीपासून म्हणते, घरात शेप्याचा वास येऊन राह्यला. कोणालेच येत नाही, तिलेच येते. तुह्या नाकावर भरोसा हाय तिचा. तू ये न सांग, वास नाही म्हणून. मंग मी तिले खामगावले डॉक्टरकडं नेतो."

शेप्या म्हणजे आमच्या बांधावरचं आंब्याचं झाड. फळ लहान, रेषाळ, आणि वासाला थेट शेपूच्या भाजीसारखं. बाजारात कुणी फुकटही घेतलं नसतं. बाबांचा मात्र त्याच्यावर जीव. उन्हाळाभर कंडक्टरच्या चामडी पिशवीत एक शेप्या असायचा, आणि ते ड्युटीवरून आले की त्यांच्या आधी तो वास ओट्यावर यायचा. शेवटच्या आजारपणात ते दादाला म्हणाले होते, माझ्या घागरीवर शेप्याच ठेवा. ते गेले आणि हिवाळ्यात झाड उभ्या उभ्या वाळलं. होळीच्या आधी दादानं ते तोडलं. म्हणजे माय ज्या वासाबद्दल बोलत होती, त्याचं झाडच आता नव्हतं.

मी निघाले. ब्रुअरीत नेमकी नवी बिअर तयार होती, ती पिंपात भरायची की नाही हे माझ्यावर अडलं होतं, म्हणून बर्फाच्या डब्यात दोन बाटल्या बरोबर घेतल्या. घरी वहिनीनं काही न विचारता त्या फ्रिजमध्ये ताकाच्या गंजामागे लपवल्या. वहिनी शहाणी बाई आहे.

माय वेडी वगैरे काही दिसत नव्हती. ज्वारी पाखडत बसली होती. मला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि पाणी हवं का तेही न विचारता म्हणाली, "आली का? सांग आता. येते का नाही?"

मी काम करते तसंच केलं. उगाच तिचं मन राखायचं नाही आणि दादाचंही नाही, असं ठरवून घर हुंगलं. माजघर, कोठीची खोली, बाबांची खाट, खुंटीवरची चामडी पिशवी. पिशवीला जुन्या चामड्याचा वास होता आणि धुळीचा. मधूनमधून कोपर हुंगत होते. दाराशी उभी राहून माय माझ्या नाकाकडे बघत होती. त्या तेवढ्या वेळात तिनं डोळ्याची पापणी हलवल्याचं मला आठवत नाही.

"नाही येत, माय," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पुन्हा सूप घेतलं. मला फार वाईट वाटलं. तिला हवं होतं ते एक माणूसही तिच्या बाजूनं उरलं नव्हतं. दादानं लगेच अखजीनंतरचा दिवस डॉक्टरसाठी पक्का केला.

दुसऱ्या दिवशी, अखजीच्या आदल्या दुपारी, ब्रुअरीतून फोनवर फोन यायला लागले. ऊन मरणाचं होतं, गल्लीत कुत्रंही नव्हतं. दादा माजघरात आडवा झाला होता. मी मागच्या पडवीत बसले आणि एक बाटली उघडली. काचेचा ग्लास उजेडाकडे धरला. छान गढूळ, पिकल्या आंब्याच्या रसासारखी, बोटं दिसत नव्हती. फेस पांढरा आणि दाट. ढवळलं, नाक ग्लासात घातलं.

शेप्या.

आंबा नव्हे, शेप्या. तो शेपूचा उग्रपणा, त्याच्यामागे चीक, आणि त्याच्याही मागे चामडं. ग्लास ठेवला, कोपर हुंगलं, नाक कोरं केलं, पुन्हा हुंगलं. तसाच. मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी खरंच घाबरले. वास ग्लासातून वर येत असला तर मान मागे घेतल्यावर कमी व्हायला हवा. तो कमी होत नव्हता. ड्युटी संपवून कुणी पडवीत येऊन टेकावं, तसा तो माझ्या शेजारी होता.

"नाक काऊन घातलं बाई त्याच्यात?" मागून माय म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली कळलं नव्हतं. "घागर भरायची हाय अजून त्याची. मी इतके दिवस एकदाही नाक पुढं केलं नाही. तोंडाले पदर लावून बसली. अन् तू त्याच्या आधी घेतला."

"माय, ही बिअर आहे," मी म्हणाले.

"मले काय सांगते? येते का नाही, तेवढं सांग."

आवाजानं दादा उठून आला. ग्लास बघून त्याचा चेहरा पडला, पण त्यानंही मलाच विचारलं, "येते का?"

मी नाही म्हटलं असतं तर मायला खामगावला जावं लागलं असतं. पण तिच्यासाठी खोटं बोलायची वेळच आली नाही. "येते, दादा," मी म्हणाले. त्यानं ग्लास उचलून हुंगला, तोंड वाकडं केलं. "मले तं दारूचाच येते," तो म्हणाला. मग आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि डॉक्टरचा विषय तिथंच सोडला. एकीला नेणं सोपं होतं, दोघींना कुठं नेणार?

ब्रुअरीत मी कळवलं, शेपूचा वास आहे, थांबा. तिथं चौघांनी तीच बिअर पुन्हा चाखली. संत्रं, अननस, कुणाला थोडी काळी मिरी. शेपू कुणालाच सापडला नाही, आणि फोनवर हसण्याचा आवाज आला.

अखजीला घागर भरली. वर डांगर ठेवलं, बाजारातून आणलेले दोन आंबे ठेवले. माझा हात मायनं त्यांना लागू दिला नाही. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप सोडून बाबांच्या नावानं पोळीचा आणि रसाचा घास टाकला, धूर वर गेला, आणि माय किती तरी वेळ त्या धुराकडे नाक करून बसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "गेला." तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. त्या दिवशी तिनं मोसमातला पहिला आंबा खाल्ला, साल चोखून चोखून. आम्ही सगळेच हसलो, दादा तर जास्तच.

मी पुण्याला परतले. बिअर अजून माझ्यासाठी अडून होती. टेबलाभोवती सगळे जमले, माझ्यापुढे ग्लास ठेवला. उजेडाकडे धरला, ढवळला, हुंगला. संत्रं. अननस. थोडी मिरी. शेपूचा मागमूस नाही. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुढचा ग्लास घेण्याआधी सवयीनं नाक कोपराला लावलं.

तिथं तो होता. शेपू, चीक, चामडं.

दुसरं कोपर हुंगलं. तिथंही. तळहात, मनगट, बाही खांद्यापर्यंत वर करून दंड. माझ्या कातडीला ज्या जागी काहीच वास नसायचा, तिथं बाबांच्या पिशवीतला शेप्या होता. टेबलाभोवतीचे लोक माझ्याकडे बघत होते. एकानं विचारलं, काय, पास ना?

मी बाहेर जाऊन मायला फोन लावला. सगळं सांगितलं. ती मुळीच दचकली नाही.

"मले आता नाही येत," ती म्हणाली. "मले वाटलं, घागरीवर गेला. तुह्यासंगं आला का?" मग स्वतःच म्हणाली, "तुह्यं काम पाह्याले आला असन. जिवंतपणी आला नाही न कधी."

आत आले आणि बिअर पास आहे म्हणून सांगितलं. त्यानंतर मी कोपर हुंगत नाही. नाक थकलं की थांबते, पाणी पिते, खिडकीशी उभी राहते. आणि बिअर कशी झालीय असं कुणी विचारलंच तर सांगते, हे सरबत बरं जमलंय.