व्यंकटचा उजवा पाय

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्याचा जाच आमच्या पोस्टवर एकट्या मला होता. मी उदगीरकडचा, सिपाही व्यंकट हिमायतनगरकडचा. भेटला की विचारायचा, "काय जिल्हेवाले, पानी आलं का तुमच्या जिल्ह्यात?" ते दुष्काळाचं वर्ष होतं. पाणी त्याच्याकडंही नव्हतं आणि माझ्याकडंही नव्हतं.

मी कंपनीचा नर्सिंग असिस्टंट होतो. बटालियनचे डॉक्टर, म्हणजे आरएमओ साहेब, खाली हेडक्वार्टरला असायचे. वर बर्फात आमची पोस्ट, मध्ये फक्त रेडिओ. रविवारी फूट इन्स्पेक्शन. सगळ्यांनी बूट-मोजे काढायचे आणि मी एकेक तळवा, एकेक बोट बघायचं. गावाकडं हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं सैनिकाला गोळीशिवाय दुसरं काही लागत नाही.

व्यंकट रजेवरून आला त्या रविवारी त्याच्या उजव्या तळव्यावर मला रुपयाएवढा काळा डाग दिसला. मी काही विचारायच्या आतच कळलं, हा बिब्बा. आमच्याकडं पायात काटा मोडला की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्याचं तापलेलं तेल जखमेवर टिपतात. चामडी भाजते, काळी पडते, टणक होते. दुखणं दबतं, म्हणून लोक त्याला औषध म्हणतात.

गावात शेळ्यांना चारा नव्हता. व्यंकट बाभळीच्या फांद्या तोडायला गेला आणि काटा चपलेतून आरपार घुसला. मायनं बिब्बा घातला. "आता कायबी न्हाई," तो म्हणाला. मी अंगठ्यानं जोरात दाबलं. तो हसत राहिला. ते हसू दात आवळून होतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. दुखतं म्हटलं असतं तर त्याला शेवटच्या गाड्यांबरोबर खाली पाठवलं असतं आणि मेडिकल कॅटेगरीचा, म्हणजे पूर्ण फिट नसल्याचा, शिक्का बसला असता. त्याला त्या शिक्क्याची धास्ती होती. गाड्या गेल्या आणि बर्फानं रस्ता बंद झाला.

पुढच्या आठवड्यात तो चहाच्या रांगेत एका टाचेवर उभा दिसला. उजव्या बुटाची नाडी सैल होती. मी त्याला आत नेऊन बूट काढायला लावला.

तळवा जसाच्या तसा होता. सूज वर होती, बोटांच्या मागं, तकतकीत आणि गरम. नवखा माणूस इथंच फसतो. तळव्याची चामडी जाड असते, त्यात बिब्ब्यानं तिचं झाकण केलेलं. खाली साठलेल्या पुवाला तिथून वाट मिळत नाही, म्हणून सूज पायाच्या वरच्या अंगाला येते. मी डागाच्या कडेला दोन बोटं ठेवली. एकानं दाबलं की दुसऱ्याखाली काहीतरी सरकत होतं. अंगात ताप होता. जांघेत अवधान आलं होतं, लिंबाएवढी गाठ. घोट्यापासून पोटरीकडं एक लाल रेघ निघाली होती. म्हणजे विष वर चढत होतं; मी रेडिओ गाठला.

रेडिओवर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"लाल रेघ कुठपर्यंत? ओव्हर."

"अर्ध्या पोटरीपर्यंत, सर. ओव्हर."

"ढग आहेत, हेलिकॉप्टर येणार नाही. तुलाच उघडावं लागेल. ओव्हर."

मी तोवर साहेबांच्या हातात चाकू देत आलो होतो, स्वतः कधी चालवला नव्हता. रॉजर म्हणालो. हेडसेट ठेवला. पोस्टचे प्रमुख सुभेदारसाहेब होते, त्यांनी लगेच पाणी उकळायला सांगितलं.

दोघांनी व्यंकटला धरलं. भूल देण्याचं इंजेक्शन दिलं, पण पुवाच्या जागी ते नीट चढत नाही. तो एवढंच म्हणाला, "शिवा, पाय ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल की," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

ती काळी चामडी जुन्या वहाणेसारखी चिवट झाली होती. चाकू खाली उतरला आणि पू जोरानं बाहेर आला. त्यात काट्याचं अर्धं टोक होतं. मी जखम धुतली, आत गॉझची वात सोडली, पाय रेशनच्या खोक्यावर उंच ठेवला आणि पेनिसिलिन चालू केलं. संध्याकाळी ताप उतरला. व्यंकटनं चहा मागितला आणि मला जिल्ह्यावरून चिडवलं. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन रडून आलो.

सकाळी त्याला हुडहुडी भरली. रेघ गुडघ्याच्या वर गेली होती, श्वास लागला होता. विष रक्तात उतरलं होतं. ढग तसेच होते. सुभेदारसाहेबांनी स्ट्रेचर काढायला लावलं. कमरेएवढ्या बर्फातून आम्ही पाळीपाळीनं त्याला खाली घेऊन निघालो. मी त्याची नाडी धरून बाजूनं चालत होतो. दर वळणावर ती बारीक होत गेली. एवढा मी गोळीबारातही भ्यालो नव्हतो, कारण तिथं निदान काही करता यायचं. हेडक्वार्टरचे पत्रे दिसायला लागले आणि नाडी हाताला लागेना. मी सुभेदारसाहेबांकडं पाहिलं.

"स्ट्रेचर खाली ठेवायचं नाही," ते म्हणाले. आम्ही ते डॉक्टरांच्या दारापर्यंत खांद्यावरच नेलं.

रजा मिळाल्यावर मी आधी हिमायतनगरला उतरलो आणि तिथून त्याच्या गावी गेलो. घरच्यांना तारेनं फक्त तापाचं कारण कळवलं होतं. त्याच्या मायनं मला ओट्यावर बसवलं, भाकर वाढली आणि मी जेवेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तापानं गेला म्हन्ले. काट्याचं तर बरं झालं होतं ना? म्या बिब्बा घातला होता."

मी म्हणालो, "हाव मावशी. पाय बरा झाला होता."

तिनं मान डोलावली. शेजारची एक बाई लंगडत ओट्याशी आली. तिलाही काटा लागला होता. माय बिब्बा आणायला उठली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बिब्बा नगं, मावशी. आधी काटा काढून घ्या. दवाखान्यात न्या."

माय जागीच थांबली. माझ्याकडं बघत राहिली. मी खाली मान घातली, तिथं तिला सगळं कळलं. ती आत गेली, बिब्ब्यांची डबी घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"लई दुखलं का रे त्याला?" तिनं विचारलं.