गाळलेल्या जागांचं जहाज

मी आयुष्यभर धारवाडच्या मराठी शाळेत पोरांना महासागर शिकवले. प्रत्यक्षात जहाज पहिल्यांदा पाहिलं आणि ते मला न घेताच निघून गेलं.

याचं मूळ म्हणजे आमचे साडू श्रीपादराव. माझ्या बायकोच्या, कुमुदच्या, थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. राहणार हुबळी, केशवापूर. वकिली आटोपली, मुलं परदेशी गेली आणि हे गृहस्थ जहाजाला लागले. (माणसं देवाला लागतात, दारूला लागतात, हे जहाजाला!) एक क्रूझ झाली की दुसरी. आणि प्रत्येक क्रूझनंतर सासुरवाडीच्या 'गोतावळा' ग्रुपवर एक रिपोर्ट. रिपोर्ट कसला, पुराणच ते! नुसतं वर सरकवता सरकवता बोट दुखून यायचं. खाली सही असायची : 'श्रीपाद, अनुभवी क्रूझ प्रवासी.'

मी त्यातली एक ओळ कधी वाचली नाही. शेवटापर्यंत सरकवायचं, एक अंगठा टाकायचा आणि मोकळं व्हायचं. सगळा गोतावळा हेच करत होता, अशी माझी खात्री होती.

पण वाचलं नाही म्हणून सुटका थोडीच होते! सासुरवाडीत कुठलंही जेवण असो, श्रीपादराव पोळीवर तूप ओढत विचारायचेच.

"काय मास्तर, नवख्या प्रवाशात आणि अनुभवी प्रवाशात फरक काय?"

"काय?"

"नवखा जहाज बघतो. अनुभवी माणूस जहाजात राहतो!"

पंगतभर वाहवा! कुमुद माझ्याकडे असं बघायची की मी नवखासुद्धा नव्हतो. नुसता कोरडा होतो. शेवटी एका पंगतीत मी पाटावरूनच जाहीर करून टाकलं, "आम्हीपण निघालोय क्रूझला." कुमुदला ठसका लागला. तिलाही ते तेव्हाच कळलं होतं.

बोलून बसलो, आता माघार नाही. गोव्याहून सुटणारं तीन रात्रींचं जहाज ठरवलं. खोली आतली घेतली, खिडकी नसलेली. (समुद्र बघायला वर जायचंच आहे, मग झोपेत कशाला?) सुभाष रोडवर जाऊन नांगराचं चित्र असलेली पांढरी कडक टोपी घेतली. कुमुदने चिवडा आणि बेसनाचे लाडू केले, कारण जहाजावर काय घालतील देव जाणे. शेजारच्या गंगव्वाकडे तुळशीला पाणी घालायला किल्ली दिली. तिने नारळ फोडून आम्हाला ओवाळलं. सगळी गल्ली निरोप द्यायला दारात आली होती.

पण माझी खरी तयारी वेगळीच होती. मास्तरकीत एक सवय हाडात मुरते, ती म्हणजे टाचण. तास व्हायच्या आधी तासात काय झालं ते लिहून ठेवायचं. 'विद्यार्थ्यांना मोसमी वाऱ्यांची संकल्पना स्पष्ट झाली' हे मी रविवारी घरी बसून लिहीत असे. विद्यार्थी बिचारे सोमवारी यायचे. त्याच शिस्तीत मी क्रूझचे सगळे रिपोर्ट आधीच फोनमध्ये लिहून ठेवले. सूर्योदय, सूर्यास्त, लाटा, सगळं तयार! जे आधी कळणं शक्य नव्हतं, तिथे रेघ मारून जागा सोडली. जहाजावर गेल्यावर तेवढं भरायचं आणि टाकायचं. श्रीपादरावांना घरी परतल्यावर लिहायला आठवडा लागायचा, मी त्यांना जागच्या जागी गार करणार होतो!

गोव्याला पोचलो ते भर दुपारी. जहाज पाचला. कुमुद म्हणाली, "थेट बंदरावर जाऊ या का?"

"अगं, पाचचं जहाज. साडेचारला गेलं तरी रग्गड. आत्तापासून तिथं जाऊन काय माशा मारायच्या?"

मग आम्ही निवांत जेवलो. खानावळीच्या ओसरीवर मी जरा डुलकीही काढली. टॅक्सीत बसल्यावर डोक्यात आलं, समुद्रात रेंज गेली तर? म्हणून पहिला रिपोर्ट तिथूनच ग्रुपवर सोडून दिला : 'जहाजाने किनारा सोडला. धारवाडचा हा मास्तर आज अरबी समुद्राच्या कुशीत शिरला आहे...'

बंदरावर उतरलो, तर समोर जहाज! जहाज कुठलं, अख्खं केशवापूर उचलून पाण्यात ठेवलेलं! मी टोपी घातली, बॅग ओढत फाटकाशी गेलो.

रखवालदार म्हणाला, "गेट बंद जालां, सायबा."

"कसं बंद? जहाज उभं आहे की!"

"उबें आसा. पूण गेट बंद. तीन वरांचेर."

"पण जहाज पाचला आहे!"

"जहाज पाचांक. गेट तीनांक."

मी तिकीट दाखवलं, पिकलेले केस दाखवले. शेवटी म्हणालो, "अहो, आमच्याकडे कंडक्टर म्हाताऱ्या माणसासाठी बस थांबवतो!" त्याने मला खुर्ची दिली. आणि मग आम्ही दोघं, चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन, उभ्या असलेल्या जहाजाकडे बघत बसलो. ते हाकेच्या अंतरावर होतं आणि आम्हाला चढता येत नव्हतं! असा छळ मी वर्गात कोणाचा केला नव्हता.

पाचला भोंगा झाला. जहाज हललं आणि माझा ताबा सुटला. मी धावत कुंपणाशी गेलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "होल्डान! होल्डान!" जन्मभर धारवाड-हुबळी बस याच एका शब्दावर थांबली होती. जहाजावरच्या लोकांना वाटलं, कोणी हौशी माणूस निरोप देतोय. त्यांनीही हसून हात हलवले!

मागे वळून बघतो तर कुमुद पदराने डोळे टिपत होती. मला माझीच इतकी लाज वाटली की टोपी काढून बॅगेत कोंबली. तेवढ्यात फोन वाजायला लागला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस! आणि खाली श्रीपादराव : 'शाब्बास मास्तर! आजपासून तुम्ही आमच्यातले. रोज सविस्तर रिपोर्ट हवा!'

"खरं काय ते सांगून टाका," कुमुद म्हणाली. "दोन दिवस हसतील आणि विसरतील."

"तुझ्या माहेरचे? आपल्या लग्नात माझा सदरा उसवला होता, ते अजून बारशाला सांगतात!"

"मग काय करणार?"

"जहाज परत येईपर्यंत लपायचं."

"कुठं?"

गोव्यात राहावं तर ओळखीचं कोणीतरी भेटणारच. (हुबळीची माणसं गोव्यात हुबळीपेक्षा जास्त भेटतात.) विचारांती मला जगात एकच जागा अशी सापडली, जिथे आम्ही असू असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. आमचं घर! गल्ली झोपल्यावर आम्ही पुढचं कुलूप तसंच ठेवून मागच्या दाराने आपल्याच घरात चोरासारखे शिरलो.

पंखा खडखडतो म्हणून बंद. गॅसचा वास जाईल म्हणून चहा बंद. कुकरचं तर नावच नको. मधल्या खोलीत दारं लावून, घामाने थबथबत, चिवडा खात बसलो.

"तुम्ही खिडकी नसलेलीच खोली घेतली होती ना?" कुमुद कुजबुजली. "मिळाली की मग."

सकाळी अंगणात गंगव्वा तुळशीला पाणी घालायला आली आणि चिवड्याचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. त्याच घाबरगुंडीत आठवलं, दुसऱ्या रिपोर्टाची वेळ झाली! घाईघाईने तो टाकून दिला. लगेच कौतुक सुरू! पुण्याचा मेहुणा : 'वा मास्तर! समुद्र डोळ्यांसमोर उभा केलात!' मावससासूबाई : 'चव जिभेवर रेंगाळली!' मी सुखावलो. आपण एवढं काय लिहिलंय ते बघू या म्हणून रिपोर्ट उघडला आणि माझे डोळे पांढरे झाले.

'आज नाश्त्याला ______ होते. चव ______ होती. मग वरच्या मजल्यावर गेलो. समुद्राचा रंग ______. शेजारी ______ गावचे श्री. ______ भेटले, त्यांच्याशी ______ या विषयावर छान गप्पा झाल्या.'

"कुमुद! मी जागा भरल्याच नाहीत!"

"मग मावशीच्या जिभेवर काय रेंगाळलं?"

रिकाम्या जागांबद्दल एकही माणूस काही बोलला नव्हता! सगळ्यांचे अंगठे, फुलं, टाळ्या. गप्प होते ते फक्त श्रीपादराव. त्यांचे फोन मात्र येत होते. मी ते कापत होतो. समुद्रात असलेला माणूस फोन कसा घेईल?

"जळले!" मी म्हणालो.

दुपारी दारात गाडी थांबली.

"गंगव्वा, किल्ली द्या बघू." श्रीपादरावांचा आवाज! "मास्तरांचं काहीतरी बरंवाईट झालंय. फोन उचलत नाहीत, आणि त्यांच्या फोनवरून कोणी भलताच माणूस लिहितोय. गोव्याला निघालोय. घरात त्या ट्रॅव्हलवाल्याचा नंबर असेल तर बघतो."

"अय्यो देवरे! साहेब, मला बी कायतरी वाटलालतंच की ओ. काल रात्रीपासनं आत कुरकुर आवाज येतंय. म्हटलं, घूस हाय. पण घूस मधीच थांबून 'हळू खा' म्हणून सांगती काय ओ?"

मग गंगव्वा गल्लीभर ओरडली, "कळ्ळ! कळ्ळ! चोर शिरलाय, बर्री सगळे!"

कुमुद मोरीत पळाली. मी पडद्यामागे उभा राहिलो. डोक्यावर काहीतरी बसणार हे ओळखून बॅगेतली टोपी तेवढी घातली. (टोपीचा या प्रवासातला हा एकमेव उपयोग.) कुलूप निघालं. गल्लीतली पावलं आत आली. पडदा थरथरत होता, कारण मी थरथरत होतो. गंगव्वाच्या हातात धुणं बडवायचं धोपाटणं होतं आणि तिने ते नेमकं नांगरावर हाणलं.

मी पडद्यासकट खाली आलो. सगळी गल्ली आ वासून बघत राहिली. गंगव्वाने धोपाटणं टाकून तोंडावर हात घेतला.

"अय्यो, मास्तर्री! जहाज इतक्यात आलं?"

त्यावर मोरीतून कुमुदचा आवाज आला, "अक्का पण आलीय का? चहा टाकते."

अक्का आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. श्रीपादराव मात्र मटकन खुर्चीत बसले. हसतील, टोमणे मारतील, म्हणून मी अंग चोरून तयार होतो. पण त्यांनी माझा हातच धरला.

"मास्तर, अहो, काय घाबरवलंत! तो गाळलेल्या जागांचा रिपोर्ट वाचला आणि खात्री पटली की हा तुमचा नव्हे. मास्तर माणूस कधी अर्धा पेपर देईल का?"

मी सगळं सांगितलं. फाटक आणि होल्डान, दोन्ही. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती.

"पण गेट लवकर बंद होतं, हे मी लिहिलं होतं की हो!"

"कुठं?"

त्यांनी फोन काढला, कितीतरी वेळ वर सरकवत राहिले आणि त्यांचा पहिलावहिला रिपोर्ट माझ्यापुढे धरला. सुरुवातच अशी : 'पुष्कळ जहाजं पाहिली म्हणजे माणूस अनुभवी होत नाही. अनुभवी तो, जो बंदरावर फार लवकर पोचतो आणि कंटाळून बसतो. जहाज सुटायच्या दोन तास आधी फाटक बंद होतं. आमचं पहिलं जहाज आम्ही असंच फाटकाबाहेरून पाहिलं. ही रडून रडून थकली. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितो आहे.'

त्याच्या खाली माझा अंगठा होता. अंगठ्याखाली माझंच वाक्य : 'अप्रतिम! खूप शिकायला मिळालं!'

धोपाटण्याचा तडाखा मी पचवला होता. हा पचेना.

"म्हणजे तुम्ही वाचलं नव्हतं?" श्रीपादराव हळूच म्हणाले. "बाकीचे वाचत नाहीत, ते मला ठाऊक आहे. मला वाटायचं, निदान मास्तर तरी वाचतात. तुमच्यासाठी शुद्धलेखन दोनदा तपासायचो."

कुमुद चहा घेऊन आली आणि तिने एकच कप आणला, तो श्रीपादरावांना दिला. मग दोघी बहिणींनी माझ्यासमोरच ठरवून टाकलं की पुढच्या जहाजाला त्या दोघीच जाणार. फाटकापर्यंत पोचवायला श्रीपादराव. आणि तुळशीला पाणी घालायला मी.

त्या संध्याकाळी श्रीपादरावांच्या सांगण्यावरून मी खरा रिपोर्ट लिहिला. डुलकी, कुंपण, चिवडा, पडदा, काही लपवलं नाही. आणि ग्रुपवर टाकला. आता हसा लेको, म्हणून डोळे मिटून बसलो. अर्ध्या मिनिटात अंगठे आले. पुण्याचा मेहुणा म्हणाला : 'वा मास्तर! समुद्र डोळ्यांसमोर उभा केलात! पुढच्या वेळी आम्हालाही न्या!'

श्रीपादरावांचं उत्तर मात्र तासाभराने आलं : 'पूर्ण वाचला. आवडला. एक दुरुस्ती : धोपाटणं एकदा नव्हे, दोनदा बसलं. गंगव्वाकडून खात्री करून घेतली आहे. आणि खाली सही राहिली.'

मी दुरुस्ती केली आणि सहीही केली : 'मास्तर, ______ क्रूझ प्रवासी. (योग्य शब्द भरा.)'

सगळ्यांनी अंगठे दिले.