सूपभर कोंडा आणि युगांडाचा अर्ज

युगांडा नेमका कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते, पण तिथे कायमचे राहायला जायचे मी ठरवून टाकले होते. वय बावीस. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात मी कामाला होतो. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या रुळांवरचे चामडे झिजले की ते काढून नवे चढवायचे, एवढेच माझे काम. घरी मात्र मी ‘इंजिनाकडे असतो’ असे सांगत असे. तोवरचा माझा सर्वांत दूरचा प्रवास खंडव्यापर्यंतचा होता, आणि त्यातही मी परतीच्या गाडीत चुकून दुसऱ्याच डब्यात बसलो होतो.

आमचे शेठ कच्छी. त्यांच्या चुलतभावाचे जिन युगांडात होते. तिकडे कापूस भरपूर, पण रुळाचे काम जाणणारा माणूस नव्हता. शेठ म्हणाले, “तू जा. पण दोन वर्षांत पळून येणारा माणूस भाईला नको. कायम राहण्याचा कागद कर.” दहा-बारा दिवसांनी मुंबईहून अर्ज आला. चार पाने, सगळी इंग्रजी.

तेव्हा जठारपेठेत एका खोलीत मी आणि एक शाळामास्तर असे दोघे राहत होतो. अर्ज मास्तरांनी वाचायचा आणि उत्तरे मी द्यायची, असे ठरले. पहिल्याच संध्याकाळी आम्ही त्या कागदांत इतके रमलो की चुलीवरची भाजी लागली. तुम्हाला कधी वेड लागले होते काय? तुमच्या छातीचा घेर किती? परत येण्याचा इरादा आहे काय? माझ्याविषयी एवढी चौकशी जन्मात कोणी केली नव्हती. मला फार बरे वाटले. आपल्यात विचारण्यासारखे बरेच काही असावे, असा समज झाला.

मग आला तो प्रश्न. तुम्ही कोणाचे प्रजाजन?

मास्तरांनी चष्मा काढला. “वऱ्हाड निजामाचं. इंग्रजानं ते कायमच्या पट्ट्यानं घेतलेलं. आणि हुकूम येतात नागपूरहून. आता तू कोणाचा?”

“काय लिहू मग?”

“एवढं लिहायला जागाच नाही ठेवली त्यांनी. जन्माचा दाखला जोड. तो पाहून ठरवू दे त्यांचं त्यांना.”

म्हणून दाखल्यासाठी मी गावी गेलो. बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, मग अमरावती, तिथून नागपूर रस्त्याने मोटारीत तिवशापर्यंत आणि पुढे पायी. आमचे घर काळ्या जमिनीतले, कापूस आणि तूर पिकवणारे. शेजारचा मळा माळ्यांचा. त्या मळ्यातली माळीण मला लहानपणापासून ‘माहा पोट्टा’ म्हणायची आणि मी तिला मळ्यातली माय म्हणायचो. घरातली माय वेगळी. दोन माया असण्यात मला कधी काही नवल वाटले नव्हते. उलट एकीने मारले की दुसरीकडे जेवायला जाता येई.

पोलीस पाटलांकडे जन्ममृत्यूची वही असे. पाटील म्हातारे झाले होते, पण वह्या त्यांनी कडुनिंबाचा पाला घालून जपलेल्या. माझे साल काढले, महिना काढला, बोट फिरवीत खाली आले आणि थांबले.

“गड्या, तू तं माळ्याचा हायेस.”

मी वहीत पाहिले. बापाच्या नावाच्या जागी शेजारच्या माळ्याचे नाव होते, आणि आईच्या जागी मळ्यातल्या मायचे. धावतच घरी आलो. वडील ओसरीवर बैलाची वेसण वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बाबा, वहीत हे काय लिहिलं हाये?”

“मीच लिवाले सांगतलं.”

“काहून?”

मग त्यांनी सांगितले. माझ्या आधीची दोन लेकरे दगावली होती. आमच्याकडची रीत अशी, की मग पुढचे लेकरू उकिरड्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या कोणी सूपभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचे. म्हणजे ते या घराचे राहत नाही, आणि या घरावर ज्याची नजर आहे त्याला ते सापडत नाही. विकत घेणारी मग ते मूल पहिल्या आईकडेच पाजायला देते. मूल लग्नाला आले की कोंडा परत करायचा, मूल परत घ्यायचे. हे सगळे मला अर्धेमुर्धे माहीत होते. वहीचे माहीत नव्हते.

“पन सरकारच्या वहीत काहून लिवलं?”

वडिलांनी वेसण खाली ठेवली. “गावाले सांगतलं पोट्टा माळ्याचा, अन् वहीत लिवलं आमचा, तं? सटवीले वाचता येत असन तं?”

सटवी कपाळावर लिहिते हे मी ऐकले होते. जिला लिहिता येते तिला वाचता येत असणारच.

शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, जन्माच्या वहीत माळ्याचे. असा अर्ज मुंबईत कोण घेणार? तहसिलीत चौकशी केली तेव्हा कळले, की वहीत ज्यांना आईबाप म्हटले आहे त्यांनी तहसीलदारासमोर येऊन ‘हा आमचा मुलगा नाही’ असा जबाब द्यायचा. माळीबुवा तर वारले होते. उरली मळ्यातली माय.

मी मळ्यात गेलो तेव्हा ती वांग्यांना पाणी देत होती. मी युगांडाला जाणार म्हटल्यावर तिने पाण्याची धार तशीच सोडली आणि बांधावर बसली. अर्जात नव्हते ते सारे प्रश्न तिने मला विचारले.

“तिकडे पानी किती पुरुस खोल लागते?”

“मले नाई माहीत.”

“वांगे होते काय?”

“नाई माहीत.”

“कोन हाये तुहं तिथं?”

“शेठचा भाऊ.”

“शेठचा भाऊ शेठचा हाये. तुहं कोन हाये?”

चार पानांच्या अर्जाला, एक प्रश्न सोडला तर, मी न अडखळता उत्तरे दिली होती. इथे मी वांग्याचे एक पान तोडून त्याचे बारीक तुकडे करीत बसलो. शेवटी जबाबाचे सांगितले. तिने उठून पाणी पुढच्या वाफ्यात वळवले. मग म्हणाली, “येतो मी. पन माह्या तोंडून काय निंगन ते निंगन.”

तहसीलदार देशावरचे, नव्यानेच बदलून आलेले. मळ्यातली माय नवे लुगडे नेसून आणि टोपलीत त्यांच्यासाठी वांगी घेऊन आली. वांगी त्यांनी बाहेर ठेवायला सांगितली, तिथेच तिचा अर्धा विश्वास उडाला.

“बाई, हा मुलगा तुमचा नाही ना?”

“माहाच हाये.”

“म्हणजे तुम्ही याला जन्म दिला?”

“जन्म तिनं देल्ला. मी इकत घेतला.”

तहसीलदारांची लेखणी थांबली. “विकत? माणूस?”

“सूपभर कोंडा देल्ला, साहेब. फुकट नाई.”

मी खाली बघून हसू दाबत होतो. तहसीलदार माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मला कुठून तरी पळवून आणले असावे. मी घाईघाईने रीत समजावून सांगितली. ते पुन्हा तिच्याकडे वळले.

“ठीक. मग एवढंच म्हणा, की हा माझा मुलगा नाही. आणि अंगठा लावा.”

“नाई म्हणत.”

“अहो, पण ते खरं आहे ना?”

“खरं असन. म्हटलं नाई म्हून तं वाचला ना बावीस वर्सं? आज म्हटलं, अन् हा समुद्रावर असताना काई झालं, तं सटवीले सांगाले तुमी येसान काय?”

लेखणी खाली ठेवून तहसीलदारांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिला विचारीत सुटले. कोंडा गव्हाचाच का? उकिरडा कोणाचा? मुलगी असली तर काय करता? ती सांगत गेली आणि मागचे तीन अर्जदार ताटकळत उभे राहिले. शेवटी त्यांनी आपल्या हाताने जबाब लिहिला : मुलाला जन्म शेजारणीने दिला, मी त्यास सूपभर कोंडा देऊन घेतले, कोंडा अद्याप परत मिळालेला नाही. तिने तो दोनदा वाचून दाखवायला लावला आणि अंगठा लावला. जाताना वांगी आत घेतली गेली.

तो जबाब जोडून अर्ज गेला. दोन महिन्यांनी परत आला. कडेला तांबड्या शाईत एकच ओळ होती. मास्तरांनी वाचली, “सदर अर्जदार सध्या कोणाचा, हे स्पष्ट करावे.” आणि मला म्हणाले, “तुझं अगदी वऱ्हाडासारखंच आहे रे.”

शेठ समजूतदार. म्हणाले, “लग्न कर. कोंडा परत दे. मग ती बाई म्हणेल ‘माझा नाही’. भाईला सांगतो वर्षभर थांबायला.” युगांडासाठी लग्न करणारा वऱ्हाडात मी पहिलाच असेन. बायकोला हे मी फार पुढे सांगितले. ती अजून अधूनमधून आठवण काढते.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या मायने सूप काठोकाठ भरले. आम्ही वाजतगाजत मळ्यात गेलो. मळ्यातल्या मायने सूप घेतले, कोंडा गाईपुढे ओतला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. झाले, मी परत झालो. माझ्या डोक्यात जबाबच होता. पाहुणे पांगल्यावर मी एकटाच तिच्याकडे गेलो.

“माय, आता तहसिलीत येशीन ना? आता म्हणाले काई हरकत नाई.”

ती सूप झटकत होती. तिने पदराची गाठ सोडून दाखवली. आत मूठभर कोंडा होता.

“एवढा गाईले नाई देल्ला. तुहं अडलं असन तं सांग, हाबी टाकतो अन् येतो तुह्यासंगं.”

गाय तिथेच होती, तिने मान पुढे केलीच होती. मी तिच्या दाव्याला धरून तिला मागे ओढली.

अकोल्याला परतलो तेव्हा शेठनी नवा अर्ज मागवून ठेवला होता. म्हणाले, “कागद साफ झाला?”

“नाही शेठ. मूठभर बाकी आहे.”

“मूठभर काय?”

मी सांगायला सुरुवात केली, पण भोंगा झाला आणि रुळांचे चामडे चढवायला जावे लागले.