सुगंधाचा हात परत नेला

मंडळी, सकाळी कोंडाणे गावाहून परतले, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

माझी भाची यंत्रमानवांवर संशोधन करते. मळणी यंत्रात उजवा हात गमावलेल्या सुगंधाला तिने यांत्रिक हात बसवला होता, चाचणीसाठी. सुगंधाने त्यात हौसेने हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. चाचणी संपली म्हणून आज भाची तो परत आणायला निघाली, आणि मी सोबत गेले.

बॅटरी काढल्यावर बोटं मिटलेलीच राहिली. बांगड्या निघेनात. भाचीने सरळ पक्कड घेतली आणि त्या फोडल्या.

"अगं बाय! मालक समोर बसलाय ना माझा!" सुगंधा ओरडली.

"सॉरी मावशी, ओढून काढल्या असत्या तर काच यंत्रात गेली असती," भाची तिला म्हणाली.

इतकं शिकली, पण नवऱ्यादेखत बायकोच्या बांगड्या फोडू नयेत, एवढं कळलं नाही!

"जिता हाय मी. जाऊ दे गं," नवरा म्हणाला.

सुगंधा डाव्या हाताने काचा वेचत राहिली. मग तिने विचारलं, "मी नीट नाय का सांभाळला, मॅडम?"

"छान सांभाळलात. चाचणी यशस्वी झाली," भाची म्हणाली आणि तिने हात खोक्यात ठेवला.

यशस्वी झाली, तर तो हात खोक्यात का? तुम्हाला उत्तर येतंय?