चरकाचा एकच दर

"पावणं, पन्नास कमी करा. मग चरक हितंच ऱ्हाऊ द्या."

गारगोटीकडच्या आपल्या गुऱ्हाळावर तात्या मला हे तिसऱ्यांदा सांगत होते. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीचा सेल्समन. चरक म्हणजे ऊस पिळायचं यंत्र. लोखंडाच्या तीन लाटा, त्यांच्यामधून ऊस जातो, रस खाली पडतो, चिपाड बाहेर येतं. आमचा चरक बाजारात सगळ्यात महाग. त्या हंगामात माझा एकही खपला नव्हता आणि संक्रांतीपर्यंत खपला नाही तर दुसरीकडं नोकरी बघा, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं.

तरी मी दर उतरवला नाही. तात्यांच्या जुन्या चरकातून निघालेली चिपाडं उचलली आणि ट्रायलला आणलेल्या आमच्या चरकात घातली. खाली तांब्या धरला. तो अर्धा भरला.

"चिपाडांबरोबर एवढा रस तुम्ही रोज कढईखाली चुलवणात जाळताय," मी म्हणालो.

तात्यांनी तांब्या उचलून आत बघितलं. मग म्हणाले, "दर सगळ्यास्नी ह्योच न्हवं? भावकीत कुणी सस्तात आणला तर गावात माझी शोभा हुईल."

"सगळ्यांना हाच. माझा शब्द."

त्यांनी पूर्ण दरानं चरक घेतला. शिवाय गुऱ्हाळावर रस प्यायला येईल त्याला ते तांब्याची हकिकत ऐकवायला लागले. त्यांच्या भरवशावर पाच जणांनी मला चरकासाठी निरोप धाडले. नोकरी वाचली म्हणून मी खुशीत होतो.

महिन्याभरानं मी नृसिंहवाडीकडं फिरतीवर असताना तात्यांचा चुलतभाऊ आमच्या फाउंड्रीच्या दुकानात आला. बांधावरून दोघांचं वाकडं. त्यानं घासाघीस केली आणि मालकांनी पन्नास सोडले.

"गिऱ्हाईक हातचं जात होतं," मालक मला म्हणाले. "विक्री झाली ना? तोंड कशाला पाडताय?"

"मी तात्यांना शब्द दिला होता."

"शब्द तुमचा. चरक माझा."

चार दिवसांनी तात्या दुकानात आले. भांडले नाहीत. बाकावर बसले. चुलतभावानं नव्या चरकाच्या पहिल्या आधणाचा, म्हणजे पहिल्या कढईचा, गूळ गावभर वाटला होता आणि वाटताना घरोघरी चरकाचा दर सांगितला होता. गाव तात्यांना हसत होतं. मी गडबडून म्हणालो, "तात्या, फरक मी माझ्या पगारातून देतो." इतकं मूर्खासारखं मी दुसरं काही बोललो नसेन.

"पैसं मागाय आलोय व्हय मी?" ते म्हणाले. "ह्यो पावणा दर मोडत न्हाय, असं मी पाच माणसांस्नी सांगिटलंय. आता त्यांच्याम्होरं काय तोंड घिऊन जाऊ?"

मला माझीच लाज वाटली. समोरच्या चहाला हात न लावता ते उठून गेले.

पाचातल्या एकानंही चरक घेतला नाही. त्या भागात मी पुढं बरीच वर्षं फिरलो. तात्यांच्या गुऱ्हाळावर मला रस मिळायचा, वाटेनं जाणाऱ्या कुणालाही मिळतो तसा. चरकाचा विषय ते काढायचे नाहीत, मीही काढायचो नाही.

दर मालकाच्या हातात असेल, तर सेल्समननं यंत्राबद्दल बोलावं, दराबद्दल शब्द देऊ नये. मी पुन्हा कधी दिला नाही. चरकही त्यानंतर माझे बेताचेच खपले.