भिंतीकडची जाळी

पोहण्याच्या तलावाचं निळं पाणी सगळे बघतात. त्या पाण्यामागची खोली कुणी बघत नाही. काड्याचं आयुष्य त्या खोल्यांमध्ये गेलं होतं. अंगाने पाप्याचं पितर, म्हणून थोरल्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं हे नाव पुढे गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसलं. पंप, गाळणी, पाण्यात क्लोरीन आणि अ‍ॅसिड सोडणारी यंत्रं बसवावीत ती त्यानेच. पाइप असा सरळ उभा करी, की त्याच्याकडे बघून भांग पाडावा.

पण बसवणं आपल्या हाती, वापरणं दुसऱ्याच्या. त्या दुसऱ्याने काड्याला जेरीस आणलं होतं. परका असता तर काड्याने त्याची केव्हाच खरडपट्टी काढली असती. पण या तलावाचे रखवालदार होते त्याचे भाऊजी, ताईचे यजमान. नात्याने मोठे, अंगानेही मोठे. त्यांना कोण बोलणार?

भांडण होतं एका पात्याचं. काड्याने मोठ्या पाइपात ते बसवलं होतं. पाणी वाहतंय तोवर पातं कललेलं राही आणि औषधाचे दोन छोटे पंप, एक क्लोरीनचा, एक अ‍ॅसिडचा, चालत राहत. पाणी थांबलं की पातं पडे, वीज तुटे, दोन्ही गप्प. तसं झालं नाही, तर थांबलेल्या पाण्यात ती दोन औषधं एकमेकांत मिसळतात आणि पाइपात विषारी वायू साचतो. पाणी फिरवणारा मोठा पंप पुन्हा सुरू केला की तो वायू थेट पोहणाऱ्याच्या तोंडाशी. हे काड्याने भाऊजींना जेवताना सांगितलं, चालताना सांगितलं, हात जोडून सांगितलं. भाऊजी मान डोलवत. पुढच्या खेपेला पाहावं, तर पात्याच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या आणि वर चिकटपट्टी. मग पातं पडो नाही तर कललेलं राहो, औषधाचे पंप आपले चालूच.

“सारखं बंद पडतं रे ते,” भाऊजी म्हणत. “लाडावून ठेवलंयस.”

काड्या तारा सोडवी, नीट जोडी आणि दात-ओठ खात घरी जाई. ताई त्याच पाण्यात उतरायची. तिचे गुडघे धरले होते, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. सकाळी तलाव उघडण्याआधी तिला मोकळं पाणी मिळे.

एका सकाळी काड्या गाळणीतली वाळू बघायला आला आणि उंबऱ्यातच थबकला. मोठ्या पंपाची घरघर नव्हती. औषधाचे पंप मात्र टकटक करत होते, आणि भाऊजींचा हात मोठ्या पंपाच्या बटणाकडे चालला होता.

“हात लावू नका.”

“अरे, तापून बंद पडलाय. ताई पाण्यात आहे, पाणी फिरायला नको?”

काड्याने खोलीची सगळी वीज तोडली आणि तो बाहेर धावला. जिथून पाणी आत येतं नेमकी तिथेच ताई कठडा धरून उभी होती. तिथला झोत गुडघ्यांना बरा वाटे.

“ताई, बाहेर ये.”

“आत्ताच तर उतरलेय.”

“आधी बाहेर ये, मग भांड.”

त्याचा चेहरा बघून ती आली. टॉवेल गुंडाळत म्हणाली, “एवढ्याशा अंगात एवढा राग मावतो तरी कुठे?”

त्याने खिडक्या उघडल्या, दोघांना लांब पाठवलं, वायूचा मास्क चढवून पाइपातलं पाणी बाहेरच्या गटारात सोडलं. भाऊजी ऐकतील तर ना. ते दारापर्यंत आलेच. एक तिखट, पिवळा भपकारा त्यांच्या नाकात गेला आणि ते खोकत, डोळे पुसत मागे फिरले.

वास पार विरल्यावर काड्या म्हणाला, “हे ताईच्या तोंडावर जाणार होतं, भाऊजी.”

 भाऊजी खोलीत आले आणि गाळणीपाशी वाकले. गाळणी आणि पाइपाच्या फटीत निम्मे गेले आणि अडकले. पोट पाइपाला, पाठ गाळणीला.

“केस, पानं जाळीत तुंबतात,” ते तसेच अडकून बोलले. “पाणी कमी होतं, तुझं पातं पडतं. जाळी तर भिंतीकडे. आता मी कुठून जाऊ?”

काड्याने पाहिलं. पाइप देखणे दिसावेत म्हणून ती जाळी त्यानेच मागे लोटली होती. त्याचा स्वतःचा हात तिथे लीलया जाई.

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू मेहुण्याला? माझं पोट मावत नाही म्हणून?”

“आणि त्या पोटापायी मला वायू पाजत होतात,” दारातून ताई म्हणाली. तिने बाहेर ‘तलाव बंद’ची पाटी लावली. “माझ्या गुडघ्यांचं आता काय करायचं, तेही दोघं मिळून ठरवा.”

काड्याचा राग तसाच होता. फक्त तो कुणावर काढायचा ते आता कळत नव्हतं. त्याने भाऊजींना ओढून बाहेर काढलं आणि पिशवीतून करवत काढली.

“पाइप धरा. जाळी पुढे घेतो.”

“वाकडा होईल रे. किती सरळ उभा केलायस.”

“धरा म्हटलं ना.”

भाऊजींवर तो पहिल्यांदाच खेकसला होता. त्यांनी मुकाट्याने पाइप धरला. करवत टेकवण्याआधी काड्याने तो पाइप एकदा खालून वर, एक डोळा मिटून, ओळंब्यात पाहिला. तसूभरही वाकडा नव्हता.

मग कापायला घेतला.